व्होल्टची आग, ९३ टक्के खूश ग्राहक आणि आपलं तक्रार रजिस्टर



मागच्या व्हिडिओत मी दुकानातली तक्रार रजिस्टरं दाखवली होती. एक निळं, एक लाल. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता: "ताई, दोन कशाला? एका वहीत भागत नाही का?" एका दादांनी तर लिहिलं, "माझ्याकडे शंभरात दोन पीस परत येतात, म्हणजे माल चांगलाच आहे. मग एवढं लिहीत कोण बसणार?"

व्हिडिओत दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं तर ते तुमच्या डोक्यात राहिलं नसतं. म्हणून आज नीट लिहिते. आणि त्यासाठी आपल्या दुकानाचं नाही, एका गाडीचं उदाहरण घेते. गाडीचंच का? कारण मिक्सर, स्विच, लोणचं यांच्या तक्रारी दुकानदाराच्या पोटात राहतात. अमेरिकेत गाड्यांच्या तक्रारी मात्र सरकारी खात्यात नोंदवल्या जातात आणि कुणालाही फुकट वाचता येतात. शिकायला यापेक्षा चांगली वही नाही.

गाडीचं नाव शेव्हरले व्होल्ट. जनरल मोटर्सनं, म्हणजे जीएमनं, डिसेंबर २०१० मध्ये ती अमेरिकेत ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. ही प्लग-इन हायब्रिड. म्हणजे रात्री घरच्या सॉकेटला लावून चार्ज करायची, सकाळी आधी बॅटरीवर चालवायची आणि बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. पहिल्या मॉडेलला सरकारी आकड्यानुसार नुसत्या विजेवर ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर मिळायचे. बॅटरी १६ किलोवॅट-अवरची, आपल्या लाइट बिलाच्या भाषेत १६ युनिटची. वजन सुमारे २०० किलो, आकार इंग्रजी टी अक्षरासारखा. ती तापू नये म्हणून तिच्यातून कूलंट फिरत असतं. हे कूलंट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत रस्ते वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी एक केंद्रीय संस्था आहे, एनएचटीएसए. ती नव्या गाड्या मुद्दाम ठोकून बघते आणि स्टार देते. मे २०११ मध्ये व्होल्ट बाजूनं एका खांबावर आदळवली गेली. गाडीतल्या माणसाला किती मार लागेल, याची ही परीक्षा. गाडी छान पास झाली. एकूण पाच स्टार मिळाले. ठोकलेली गाडी आवारात उभी करून ठेवली.

सुमारे तीन आठवड्यांनी तिनं पेट घेतला. आवारात उभी असताना, चार्जिंगला लावलेली नसताना. शेजारच्या गाड्याही जळाल्या.

आता विचार करा. तुम्ही कंपनीत आहात. हजारो गाड्या रस्त्यावर आहेत. एकाही ग्राहकाच्या गाडीला अपघातानंतर बॅटरीमुळे आग लागल्याची नोंद नाही. आग लागली ती एका ठोकलेल्या गाडीला, तीही तीन आठवड्यांनी. तुम्ही काय म्हणाल? मी सांगते, आपल्यापैकी दहातले नऊ जण म्हणतील, "एकच केस आहे हो. आणि असं कोण ठेवतं गाडी?"

एनएचटीएसएनं तसं म्हटलं नाही, पण लगेच लोकांना सांगितलंही नाही. आग जूनमध्ये लागली, लोकांना कळलं नोव्हेंबरमध्ये. यावरून पुढे बराच गदारोळ झाला. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी तीन बॅटरी पॅक घेतले आणि खांबाच्या टकरीत होतं तसं नुकसान त्यांना मुद्दाम केलं. बॅटरीचं आवरण दाबलं, कूलंटची गळती केली, पॅक उलटे फिरवले. एकानं आठवड्याभरात पेट घेतला, एकातून धूर आणि ठिणग्या आल्या. म्हणजे जूनची आग योगायोग नव्हती. २५ नोव्हेंबर २०११ ला अधिकृत चौकशी सुरू झाली.

कारण काय निघालं? टकरीत गाडीचा एक आडवा पट्टा बॅटरीच्या आवरणात घुसला. कूलंट गळलं. टकरीनंतर इंधन गळतंय का ते बघायला गाडी उलटी-पालटी फिरवतात, त्यात ते कूलंट वरच्या इलेक्ट्रॉनिक भागावर गेलं. तिथं ते हळूहळू सुकलं आणि शॉर्टसर्किट झालं. बॅटरीत चार्ज शिल्लक होताच, कारण ठोकल्यावर ती डिस्चार्ज करायची असते हे टेस्टवाल्यांनी केलंच नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत टाकी रिकामी करतात, बॅटरीची टाकी रिकामी करायची सवय तेव्हा कुणालाच नव्हती.

जीएमनं काय केलं ते बघा. चौकशी जाहीर झाल्यावर तीन दिवसांत मालकांना सांगितलं, तुम्हाला भीती वाटत असेल तर चौकशी संपेपर्यंत आमची दुसरी गाडी वापरा. त्यानंतर कंपनीचे प्रमुख डॅन अकरसन यांनी गाडी परत विकत घ्यायचीही तयारी दाखवली. जानेवारी २०१२ मध्ये उपाय जाहीर केला: बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करणारा तुकडा, कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर आणि कूलंटच्या टाकीवर कुणी जास्त ओतू नये म्हणून एक पट्टी. तीन बारीकशा गोष्टी. सुमारे ८ हजार गाड्यांना फुकट बसवायच्या. २० जानेवारीला एनएचटीएसएनं चौकशी बंद केली. निष्कर्ष: दोष सिद्ध होत नाही, पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेच्या गाडीला आगीचा धोका जास्त आहे असं दिसत नाही.

कागदावर "रिकॉल" नाही. तरी सगळ्या गाड्या दुरुस्तीला बोलावल्या.

पाच दिवसांनी अमेरिकी संसदेच्या समितीनं अकरसन यांना आणि एनएचटीएसएच्या प्रमुखांना समोर बसवून विचारलं, तुम्हाला काय माहीत होतं आणि केव्हापासून? सगळा रोख त्या मधल्या पाच महिन्यांवर होता. निवडणुकीचं वर्ष होतं, सरकारनं जीएमला बुडण्यापासून वाचवलं होतं, त्यामुळे राजकारणही भरपूर झालं, ते सोडून देऊ. पण आग लपवली का, हा प्रश्न आगीपेक्षा मोठा होऊन बसला, हे आपल्या धंद्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच हिवाळ्यातला दुसरा आकडा

आता गंमत बघा. डिसेंबर २०११ च्या सुमारास, म्हणजे टीव्हीवर व्होल्टच्या आगीची चर्चा चालू असताना, कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहक मासिकानं मालकांच्या समाधानाचा सर्व्हे छापला. प्रश्न साधा: सगळं लक्षात घेता ही गाडी पुन्हा घ्याल का? व्होल्टच्या ९३ टक्के मालकांनी ठामपणे हो म्हटलं. सगळ्या गाड्यांत पहिला नंबर. पुढच्या वर्षी ९२ टक्के, पुन्हा पहिला नंबर.

एकच गाडी, एकच हिवाळा. एका वहीत "आग लागू शकते", दुसऱ्या वहीत "आम्ही खूश आहोत". खरं कुठलं?

दोन्ही खरं. कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मालकाला रोज काय दिसतं? गाडी सुरू होते, पेट्रोल वाचतं, आवाज नाही, शेजारी विचारतात. बॅटरीचं आवरण खांबावर दाबलं गेलं तर काय होईल, हे त्याला कधीच दिसत नाही आणि देव करो दिसूही नये. त्यामुळे ९३ टक्के खूश असण्यातून गाडी सुरक्षित आहे हे ठरत नाही. आणि टेस्टमध्ये आग लागली म्हणून गाडी रोज बंद पडते असंही ठरत नाही.

आणखी एक बारकावा. ९३ टक्के समाधान म्हणजे ९३ टक्के भरवसा नव्हे. व्होल्ट घेणारे पहिले लोक म्हणजे ४० हजार डॉलरच्या पुढे पैसे मोजून नवीन तंत्राची गाडी हौसेनं घेणारे. हौसेचा ग्राहक बारीकसारीक त्रास पोटात घालतो. तुमचे पहिले पन्नास ग्राहक आठवा: मावशी, मित्र, सोसायटीतल्या काकू. सगळे म्हणतात, "छान झालंय गं!" तो आकडा घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर हसेल.

म्हणजे खरं तर तीन गोष्टी आहेत. वस्तू कुणाला इजा करू शकते का? वस्तू किती वेळा बिघडते? आणि ग्राहक खूश आहे का? आपण सगळ्याला मिळून "कंप्लेंट" म्हणतो आणि सगळ्याची टक्केवारी काढतो. बीबीएला आम्हाला क्वालिटी कंट्रोलमध्ये टक्केवारी काढायला भरपूर शिकवलं. टक्केवारी कुठे काढायची नाही, हे दुकानात बसल्यावर कळलं.

वही वाचायची कशी

एनएचटीएसएच्या नोंदीत गाडीचं मॉडेल, वर्ष, किती मैल चालली, कुठला भाग, आग किंवा अपघात किंवा इजा झाली का, आणि मालकाच्या शब्दांत काय घडलं ते असतं. ही नोंद तपासून छापलेली नसते. कुणीही लिहू शकतो. रागावलेला माणूसही लिहितो, आणि बातमी आली की जास्त लोक लिहितात. शिवाय तिथं तक्रारी दिसतात, पण किती गाड्या विकल्या ते शेजारी लिहिलेलं नसतं. व्होल्ट २०११ मध्ये ७,६७१ विकल्या गेल्या, २०१२ मध्ये २३,४६१. नुसत्या तक्रारी मोजल्या तर तिप्पट विकलेल्या वर्षाची गाडी आपोआप वाईट दिसणार. भरवशाचा प्रश्न असेल तर खालचा आकडा, म्हणजे एकूण विक्री, लागतोच.

पण सुरक्षेची तक्रार असेल तर? तिथं मी अशी वाचते: वर्णन वेगवेगळ्या लोकांचं असून सारखं आहे का? भाग तोच आहे का? वाईटात वाईट काय होऊ शकतं? तीन लोकांनी एकमेकांना न ओळखता "केबल तापते" लिहिलं असेल तर मला चौथ्याची वाट बघायची गरज नाही.

केबल म्हटलं म्हणून सांगते. मार्च २०१२ मध्ये जीएमनं व्होल्टच्या सुमारे ९,५०० मालकांना घरच्या १२० व्होल्टच्या सॉकेटला लावायची चार्जिंग केबल बदलून द्यायचं ठरवलं. काहींच्या केबल तापत होत्या. एवढी २०० किलोची बॅटरी, तिच्यावर संसदेत चर्चा, आणि इकडे भिंतीतल्या सॉकेटपाशी असलेली वायर तापतेय. मी इलेक्ट्रिकचं दुकान चालवते, मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तासन्‌तास पूर्ण लोड आला की सगळ्यात कच्चा जोड आधी बोलतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मार्च २०१५ मध्ये जीएमनं २०११ ते २०१३ च्या सुमारे ६४ हजार व्होल्ट रिकॉल केल्या. बिघाड? काहीच नाही. गाडी बॅटरीवर असताना आवाज करत नाही आणि सुरू करायला बटण असतं. काही लोक घरी यायचे, गाडी गॅरेजमध्ये लावायचे आणि बंद न करताच आत जायचे. गाडी गप्प. पण ती चालूच असायची. बॅटरी उतरली की तिला जसं शिकवलंय तसं ती पेट्रोलचं इंजिन सुरू करायची. बंद गॅरेज, घराला लागून, आणि कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो. दोन जणांना त्रास झाल्याची नोंद होती.

गाडी बंद करायची ग्राहक विसरला. चूक कुणाची? सरळ ग्राहकाची. तरीही ६४ हजार गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे बराच वेळ कुणी नसताना गाडी चालू राहिली तर ती स्वतःहून बंद होईल. कारण विसरणं हे माणसाचं रोजचं काम आहे, आणि गप्प बसणारी गाडी त्या विसरण्याला मदत करत होती.

हे वाचलं तेव्हा मला काकू आठवल्या.

माझ्या दुकानातले ६० बोर्ड

२०२२ चा पावसाळा. बार्शीतल्या आमच्या दुकानात मी एका सप्लायरकडून चार सॉकेटचे एक्स्टेंशन बोर्ड घेतले होते. दोन वेळा मिळून ६८. मार्जिन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. एक दिवस आमच्याच गल्लीतल्या काकू बोर्ड घेऊन आल्या. एका सॉकेटभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळलं होतं. म्हणाल्या, "अगं, वास आला म्हणून बघितलं, नाहीतर कळलंच नसतं."

मी काय म्हणाले? "काकू, पाण्याचा रॉड लावला असेल तुम्ही. हा तेवढ्या लोडचा नाही." काकू ओशाळल्या. रॉड लावला होता खरा. मी मोठ्या मनानं नवीन बोर्ड दिला, त्यातलाच, आणि जुना भंगारच्या पोत्यात टाकला. तेव्हा एकच वही होती. त्यात लिहिलं: "बोर्ड १ बदली." वरची ओळ होती फॅनच्या रेग्युलेटरची, खालची होती ट्यूबच्या चोकची.

तीन आठवड्यांनी टेलरमास्तर आले. त्यांच्या बोर्डाला इस्त्री होती. बोर्डाखाली ब्लाऊजपीसचा गठ्ठा होता आणि त्यातला वरचा कपडा तपकिरी झाला होता. मास्तर शांत माणूस. कपडा माझ्या काउंटरवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ताई, वर माळ्यावर पोरं झोपतात आमची."

त्या दिवशी मी हिशेब केला तो आधी नेहमीसारखाच केला. ६० विकले, दोन परत. तीन टक्केसुद्धा जरा जास्तच, पण चालतंय, असं मनात येऊनही गेलं. तो कपडा समोर नसता तर मी तिथंच थांबले असते.

मग शिल्लक राहिलेले आठ बोर्ड खोलले. तिघांत आतल्या पितळी पट्टीचा रिव्हेट ढिला. वायर बाहेरून जाड दिसत होती, सोलल्यावर आतलं तांबं छापल्यापेक्षा बारीक. सप्लायरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, कस्टमरनं लोड जास्त लावला असेल." शब्दाला शब्द, मी काकूंना म्हणाले होते तेच.

आणि काकूंचा बोर्ड मी भंगारात टाकलेला. तो हातात असता तर पहिल्याच दिवशी खोलून बघता आलं असतं. एनएचटीएसएला जूनच्या आगीचं कारण शोधता आलं, कारण जळालेली गाडी त्यांनी फेकली नाही आणि तेच नुकसान पुन्हा करून बघितलं. माझ्याकडे पुरावा होता, मी तो किलोच्या भावानं विकला.

आता सगळ्यात अवघड भाग. बोर्ड परत घ्यायचे ठरवले, पण घेतले कुणी? गाडीचं बरं असतं. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा स्वतःचा नंबर असतो, मालकाच्या नावावर नोंद असते, कंपनी प्रत्येकाला पत्र पाठवू शकते. माझ्याकडे काही बिलं होती, काही यूपीआयच्या नोंदी, बाकी सगळं रोख आणि "बिल नको ताई". बाबा आणि मी तीन रात्री बसलो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, दुकानाबाहेर फळ्यावर लिहिलं, "हा बोर्ड आणून द्या, पैसे परत घ्या." शेजारच्या दुकानदारानं समजावलं, "स्वतःच्या हातानं बदनामी कशाला करून घेता?" मलाही भीती वाटत होती. ४१ बोर्ड परत आले. सप्लायरनं पैसे दिले नाहीत.

निळं आणि लाल

तेव्हापासून निळ्यात जातं ते बिघाडाचं. स्विच ढिला, पंखा आवाज करतो, बल्ब सहा महिन्यांत गेला. त्याची महिन्याला बेरीज, भागिले त्या वस्तूची विक्री, आणि त्यावरून पुढच्या वेळी तो ब्रँड घ्यायचा की नाही ते ठरतं. इथं टक्केवारीच बरोबर. शंभरात दोन म्हणजे ठीक, शंभरात सात म्हणजे सप्लायर बदला.

लाल वहीत टक्केवारीचा रकानाच नाही. शॉक बसला, ठिणगी, जळका वास, हाताला चटका, धारदार कड. एक ओळ आली की त्या लॉटची विक्री त्याच दिवशी बंद. परत आलेला पीस पिशवीत घालून तारीख टाकून कपाटात. ग्राहकानं काय लावलं होतं, कसं वापरलं, हे त्याच्या शब्दांत लिहायचं, "चुकीचा वापर" असा शिक्का मारायचा नाही. आणि ज्यांनी तोच लॉट घेतलाय त्यांना फोन. त्यासाठी विजेची कुठलीही वस्तू विकताना मी आता मोबाइल नंबर आणि लॉट लिहूनच घेते. पाच सेकंद लागतात. कुणी नको म्हटलं तर बोर्डाच्या मागे दुकानाचं स्टिकर तरी लावते.

तुमचं दुकान इलेक्ट्रिकचं नसेल. पापड मऊ पडले, मसाल्याचा रंग फिका, लोणच्यात मीठ जास्त, हे निळ्यात. मसाल्यात खडा लागून दात तुटला, बरणीची काच निघाली, शेंगदाण्याचं कूट आहे हे लेबलवर नव्हतं आणि कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, हे लाल. ड्रेसची शिलाई उसवली ते निळ्यात, लहान बाळाच्या झबल्याचं बटण निघून तोंडात गेलं ते लाल. सुरुवातीला गोंधळ होतो. गोंधळ झाला की लाल वहीत लिहा, नंतर निळ्यात हलवता येतं.

टक्केवारीच्या मोहाचं आणखी एक उदाहरण, तेही प्लग-इन हायब्रिडचंच. क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड, सात माणसं बसणारी फॅमिली गाडी. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत २०१७ आणि २०१८ च्या १६,७४१ गाड्या रिकॉल झाल्या. कशासाठी? १२ आगी. गणित करा: साधारण चौदाशे गाड्यांत एक. शंभरातही नाही, हजारातही पूर्ण एक नाही. पण त्या बाराही गाड्या बंद करून उभ्या होत्या, त्यातल्या आठ चार्जिंगला लावलेल्या. म्हणजे बहुधा घराला खेटून, रात्री. तेव्हा दुरुस्ती तयार नव्हती. तरी कंपनीनं मालकांना सांगितलं, चार्ज करू नका आणि गाडी घरापासून, इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर लावा. प्लग-इन गाडी घेतलेल्या माणसाला प्लग लावू नका म्हणून सांगणं किती जड गेलं असेल! पण उपाय हातात नसतानाही इशारा देता येतो, हे मला यातून मिळालं. मी मास्तरांच्या कपड्यानंतर चार दिवस सप्लायरच्या उत्तराची वाट बघत बसले होते. ते चार दिवस फळा रिकामा होता.

आपल्याकडचं विचाराल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं सरकारला गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली तर, किंवा चाचणी संस्थेकडून वा इतर मार्गानं माहिती मिळाली तर, अशी तरतूद आहे. तो दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. नुसत्या प्रमाणावर थांबायचं तर आधी बऱ्याच लोकांचं नुकसान व्हायला लागतं.

धंद्यावर परिणाम होतो का? होतो. व्होल्ट डिसेंबर २०११ मध्ये १,५२९ विकल्या गेल्या, जानेवारीत ६०३. सगळंच आगीमुळे म्हणता येणार नाही. दिवाळीनंतरचा महिना आपल्याकडेही थंडच असतो. मार्चमध्ये कारखाना पाच आठवडे बंद ठेवायचं ठरलं, १,३०० कामगार तेवढ्या काळापुरते घरी. आणि त्याच मार्चमध्ये २,२८९ गाड्या विकल्या गेल्या. माझ्याकडे तो पावसाळा बोर्डाचा खप जवळजवळ बंद होता. दसऱ्याला टेलरमास्तरांनी नव्या दुकानाचं सगळं वायरिंगचं सामान आमच्याकडून नेलं. एवढंच सांगू शकते, बाकी आकडे माझे फार छोटे आहेत.

पुढच्या व्हिडिओआधी एक काम करा. मागच्या तीन महिन्यांतल्या तक्रारी आठवून लिहा आणि त्यातल्या कुठल्या लाल आहेत त्यावर खूण करा. वस्तू कुणाकडे गेली हे सांगता येतंय का तेही बघा.

आणि माझं एक काम तुम्ही करा. ६० पैकी ४१ तेव्हा आले होते. मागच्या महिन्यात एक बाई सॉकेट ढिलं झालंय म्हणून बोर्ड घेऊन आल्या, बघते तर त्याच लॉटमधला. त्यांच्या सासूबाईंनी घेतला होता. आता १८ राहिले. फोटो खाली देते: मळकट पांढरा, चार सॉकेट, एकच स्विच, लाल इंडिकेटर आणि मागे चार स्क्रूऐवजी दोनच स्क्रू. बार्शी, वैराग, कुर्डुवाडी भागात कुणाच्या घरी, दुकानात, गिरणीत दिसला तर आधी पिन काढा. बिल नसलं तरी चालेल, वापरून जुना झालेला असला तरी चालेल. दुकानात आणून द्या, पैसे परत मिळतील.